अंबुबाईने हरळी लावली

छप्पन साली आम्हाला पिंपरीला कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, सकाळी तासभर पाणी देणारा नळ आणि पुढे दहा पावलं लांब, आठ पावलं रुंद अशी मोकळी जमीन. खोल्या कंपनीच्या होत्या, पण तो तुकडा मी पहिल्या दिवसापासून माझाच मानला. गुहागरला सासरी झाडं पुष्कळ, पण प्रत्येक नारळाला कुणी ना कुणी सासरा मालक. चाळिशी उलटल्यावर प्रथमच मला कुणालाही न विचारता रोप लावायची सोय झाली.

लावलेलं जगवायचं कसं ते मात्र येत नव्हतं. कोकणातल्या तांबड्या मातीला दोन वेळा पाणी घातलं तरी ती आणखी मागते. तेच मी इथल्या काळ्या मातीला केलं. आठवड्यात झेंडूची रोपं पिवळी पडली, म्हणून मी आणखी दोन बादल्या ओतल्या.

"रोपं बुडवून मारायची हायेत का बाई?" दूध घालायला आलेल्या अंबुबाईने चरवी खाली ठेवत विचारलं.

अंबुबाई इथलीच. वसाहत उभी राहिली ती जमीन तिच्या सासऱ्यांची. क्वार्टरचे नंबर ती कधीच बोलायची नाही. पलीकडच्या ओळीतल्या विमलबाई 'विहिरीजवळच्या', मी 'बांधावरली'. आमच्या स्वयंपाकघराखालून त्यांचा बांध जात होता म्हणे.

तिने चिखल उचलून माझ्या मुठीत दिला. "दाबा. लाडू वळतोय न्हवं? आता बोटानं ढकला. फुटला तर वापसा आला, मग हात घालायचा. चिकटून ऱ्हायला तर लांब ऱ्हायचं. लाडू वळलाच न्हाई, तर पाणी."

पुढे तिने चार पाट्या मुरूम आणि दोन पाट्या शेणखत आणून मातीत मिसळलं. खत वर्षाचं जुनं. ताज्या शेणाने मुळं भाजतात, असं तिने बजावलं. मिरच्या लागल्या, झेंडू फुलला, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला लाडू वळायला शिकवू लागले.

भाद्रपदात कंपनीचं परिपत्रक आलं. प्रत्येक क्वार्टरपुढे हिरवळ हवी. वसुबारसेला पाहणी होईल; जिथे हिरवळ नसेल ती जागा सायकलींच्या शेडसाठी घेतली जाईल. आमचं क्वार्टर फाटकाशेजारी, म्हणजे शेडला अगदी सोयीचं.

"माझीही सायकल पावसात भिजणार नाही," आमचे हे म्हणाले. त्या दिवशी आमटीत मीठ घालायचं माझ्याकडून राहून गेलं.

साहेबांच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून मी पोतंभर गवत आणलं. लांब दोरे तोडून तीन-तीन पेरांचे तुकडे केले. दोन पेरं मातीत, एक वर, वितीवितीने लावत गेले आणि पायाने दाबले. अंबुबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला चाकणला होती. ती परत आली तोवर जमीन हिरवी झाली होती. तिने पाहिलं आणि काहीच बोलली नाही. मला वाटलं, कौतुकाने गप्प झाली.

दसऱ्याच्या आधी मी भाचीच्या बारशाला दादरला गेले. "तेवढं बागेकडे बघा," असं अंबुबाईला सांगून.

तिने बघितलं.

चार दिवसांनी परतले तर आमचे हे दारातच. "मी शिफ्टला होतो," मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले. पुढे पाहिलं, तर जमीन उकरून सारवल्यासारखी साफ, गवताची एक काडी नाही. कोपऱ्यात वाळता ढीग.

संध्याकाळी अंबुबाई आली ती हसतच. "चार दिस खुरपं चालवलं बाई. कंबर मोडली, पर एक मूळ ठेवलं न्हाई. माज्याच शेणखतातनं हरळी आली आसंल, म्हनून तोंड उचकटायची लाज वाटत व्हती."

मी पायरीवर बसले. "अंबुबाई, ती मी लावली होती."

"काय?"

"हरळी. हिरवळ म्हणून."

"लावली?" तीही माझ्याशेजारी बसली. "माज्या सासऱ्यानं उभा जन्म ह्या रानातली हरळी खणली. पाठ वाकली ती ह्याच बांधाला."

मी शेडचं सांगितलं. पाहणीला सोळा दिवस होते, हेही. तिने पदराने तोंड पुसलं, उठून ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक दोरा ओढून काढला. नखाने पेर खरवडलं. आत हिरवं होतं.

"ही मरत आसती, तर म्हातारा आणखी धा वर्सं जगला आसता," ती म्हणाली. "आणा विळा."

दोघींनी पुन्हा तीन-तीन पेरांचे तुकडे केले. ते रात्रभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले आणि सकाळी लावायला बसलो. अंबुबाईचे हात भराभर चालत, पण दर ओळीला ती मान वळवून पुटपुटायची, "मामंजी, हिकडं बघू नगा." पाणी फक्त शिंपडायचं, ओतायचं नाही, हे ती मला रोज सांगत होती. मला आता माहीत होतं, तरी मी ऐकून घेत होते.

वसुबारसेला पाहणीसाठी कंपनीचे यशवंतराव साहेब टोपी, छडी आणि वही घेऊन आले. जमीन कुठे हिरवी, कुठे टकली. त्यांनी छडी टकलाकडे रोखली.

"हिरवळ बसलेली दिसत नाही, बाई."

दूध घालून निघालेली अंबुबाई फाटकाशी थांबली.

"सायब, एक दोरा उपटून दावा," ती म्हणाली. "उपटला तर घाला तुमची शेड."

बाई काय बोलून बसली, असं मला झालं. साहेब वाकले. दोरा धरून ओढला, तो हातात तुटून आला, मूळ जागेवरच. दुसरा ओढला, तोही तुटला. मग छडी खाली ठेवून, उकिडवं बसून त्यांनी बोटाने माती उकरली. एकाएकी ते हसले.

"आमच्या वडिलांनी शिव्या घालत घालत हीच खणली, जुन्नरला," ते म्हणाले. "इतक्या थोड्या दिवसांत एवढी धरली?"

"तुमी शेड घातली आसती तरी फरशीतनं वर आली आसती," अंबुबाई म्हणाली.

त्यांनी वहीत 'हिरवळ कायम' असं लिहिलं आणि गुडघे झटकून पुढे गेले. सायकलींची शेड हिरवळ नसलेल्या विमलबाईंच्या दारात झाली. त्या अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. आमच्या ह्यांची सायकल मात्र तिथे कोरडी राहते.

अंबुबाईला मी मिरच्यांच्या बाजूची एक पट्टी तोडून दिली. तिथे ती मेथी टाकते. हिरवळीतून हरळीचा एखादा दोरा त्या पट्टीत शिरला की ती त्याला मुळासकट काढते, आणि मी काही म्हणत नाही. दूध घालून झालं की घटकाभर ती माझ्या हिरवळीवर टेकते. बोलता बोलता तिचा हात आपोआप गवताकडे जातो. मग मी चहाची कपबशी त्या हातात देते.