मूठ न रुतणारी गादी

चाळीस वर्षं गाद्या भरतोय मी. माझ्या गादीवर पाठ टेकली की माणूस भांडण विसरतो, असं गिऱ्हाइकं म्हणतात. मग पहिल्या नातीसाठी गादी करताना मी हात आखडता घेईन होय? कापूस तीनदा पिंजला. वीतभर जाड गादी, दोन्ही बाजूंना लोड, इवलीशी उशी, वर मऊ रजई.

लेक बाळाला घेऊन महिनाभर राहायला आली. आल्या आल्या तिनं गादीवर मूठ दाबली. मूठ मनगटापर्यंत आत गेली.

"बाबा, हिच्यावर नाही निजवायचं तिला. तोंड रुतलं तर श्वास कोंडेल. कडक, सपाट गादी हवी. उशी नको, लोड नको, रजई तर नकोच. आणि उताणंच झोपवायचं."

माझं डोकंच फिरलं. "मग फरशीवरच टाक की! तू काय दगडावर वाढलीस? गादीवाल्या बापाला गादी शिकवतेस?"

"मग मी परत जाते," ती म्हणाली. चिडून नाही, अगदी शांतपणे. तेच जास्त लागलं.

बायको रजईची घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आपली ही लेकच तीन महिन्यांची असताना तुम्ही केलेल्या उशीत तोंड खुपसून पडली होती. ओठ निळे झालेले. उचलून पाठ चोळली, तेव्हा कुठे रडली."

"मला का नाही बोललीस?"

"त्याच दिवशी तुम्ही दुकानावर पाटी लावली होती, 'बाळांच्या उशा मिळतील' म्हणून. तुमचा आनंद बघून जीभच रेटेना."

तडक दुकान गाठलं. कापूस ठासला, बडवला, दाट टाके घातले. बाळाच्या खाटेत गादी अशी बसवली की कडेला बोट शिरेना. वर चादर ताणली. मूठ दाबून पाहिली, खूणसुद्धा उमटली नाही. गिऱ्हाइकानं असली गादी माझ्या तोंडावर फेकली असती.

नात तिच्यावर दोन्ही हात वर टाकून उताणी झोपली. चांगली दोन तास! आजोबाचं पार नाक कापलं पोरीनं, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लेक हसून म्हणाली, "राहते हो महिनाभर."

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या काचेमागच्या बाळांच्या अकरा उशा खाली काढल्या आणि एकेक उसवायला बसलो. आजवर किती घरी गेल्या असतील, देव जाणे. ती जुनी पाटी मात्र बायकोलाच उतरवायला लावली.