साठ तारांची कॅसेट

इब्रामपूरच्या त्या घरात तीन महिन्यांत सतीशचं सगळं बोलणं एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. जेवायला काय करू? "जावंदे." खिडकी उघडू? "जावंदे." डिचोलीला खनिजाच्या ट्रकावर ताडपत्री बांधताना तो वरून कोसळला आणि कण्याला मार बसला. हाड आता जुळलंय, रोज थोडा वेळ उठून बसवा, असं डॉक्टर सांगत होते. पण बसणाऱ्याला बसावंसं वाटायला हवं ना! मोबाईलसुद्धा त्याने उशाशी पालथा घालून ठेवला होता.

त्याची धाकटी बहीण विमला कारखान्यात सर्किटं जोडायची. रोज संध्याकाळी देवाकडे समई लावून, माळ ओढून झाली की ती दादाच्या खाटेपाशी येऊन बसे. एका रविवारी तिने माळ्यावरून जुना टीव्ही गेम खाली काढला. म्हापशाच्या बाजारातून आणलेला, दोघांनी भांडून भांडून खेळलेला. पण टीव्ही बाहेरच्या खोलीत, आणि दादा आत उताणा.

"ह्याचा मी हातात धरूचा यंत्र करतंय," ती म्हणाली. "निजान खेळ."

"जावंदे."

विमलाने मात्र ते काही जाऊ दिलं नाही. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरपुढे चित्र दाखवतो, तसला छोटा पडदा तिने गॅरेजमधून मिळवला. बॅटरी घेतली, बारकासा स्पीकर घेतला. गेमचं कवच काढून आतली सर्किटची पाटी विजेच्या बटणांच्या प्लास्टिक पेटीत बसेल एवढी कापली. कॅसेट खुपसायच्या खाचेतले तांब्याचे दात तेवढे काळे पडले होते.

कारखान्यात असती तर तिने स्पिरिट घेतलं असतं. घरात हात आपोआप परसातल्या आंबट बिंबलीकडे गेला. समई ती बिंबलीनेच तर उजळायची! दात लख्ख झाले. धुऊन, पुसून तिने ते उन्हात ठेवले. तिसऱ्या दिवशी बघते तो फटींत उरलेल्या आंबट रसाने त्यांच्यावर हिरवं कीट चढलेलं, आणि पडद्यावर नुसत्या रेघा.

"यंत्राक बिंबला लावतत काय गो?" आई दारातून म्हणाली. "आता मीठ-मिरची घाल, लोणचा जायत!"

विमलाला हसू येईना. त्या दिवशी माळ ओढताना मणी दोनदा चुकले. पण उठताना मनात आलं, खाच गेली तर गेली. ती काढूनच टाकावी. कॅसेटच्या आतली पट्टी तारांनी थेट पाटीला जोडावी. पट्टीला साठ दात, म्हणजे साठ तारा लागतील, लागू देत. फक्त एक होतं, मग कॅसेट बदलता येणार नव्हती. घरात होत्या त्या तीन कॅसेटींतली एकच राहणार होती.

कुठली, ते तिला स्वतःला ठरवता आलं असतं. तिने तिन्ही कॅसेटी नेऊन सतीशच्या छातीवर ठेवल्या.

"एकच रवतली, दादा. कायमची. खंयची, सांग."

"जावंदे."

"जावंदे नावाची कॅसेट ह्यात नाय. तू सांगलंस नाय, तर मी एकय तार लावचंय नाय."

दोन दिवस तिने पेटीला हात लावला नाही. समई लावताना मात्र, दादाला एक कॅसेट निवडू दे, एवढंच देवाला सांगत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तुळशीला पाणी घालत होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"विमल गो!"

तांब्या तसाच ठेवून ती धावली. सतीशच्या हातात रणगाड्यांची कॅसेट होती.

"ही. हेच्यात दोघांनी खेळूक येता."

"अरे, पण मी बटणां एकाचीच घेतलंय!"

"मगे दुसरी लाव. तुका हरवूक गावणार नाय, तर खेळान काय करू?"

विमलाने पदराने डोळे पुसले आणि उगाच रागावल्यासारखं केलं. "कोण कोणाक हरवता ता बघूया!"

साठ तारांना आठ दिवस लागले. दुसरी बटणं एका लांब वायरीवर आली. खाटेच्या कडेला टेकून तिने पेटी दादाच्या पोटावर ठेवली. पडदा उजळला, रणगाडे धावले, आणि पहिल्याच डावात सतीशचा किल्ला ढासळला.

"तुझा डोक्या मधी येता, माका दिसत नाय!" तो वैतागला. "ही फसवणूक."

"हरलंस ता हरलंस."

"परत लाव." त्याने कोपर गादीत रोवलं. "आई! हंय ये. माका उठव आणि पाठीमागे उशी लाव. बसान खेळल्याशिवाय ह्या चेडवाक धडो शिकवूक येवचो नाय."