निळीच्या खोपटाचं सोवळं

पाहुणीपुढे पान-सुपारीची परडी ठेवून यूब्लिना पुन्हा निळीच्या खोपटाकडे निघाली, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. काय मागत होती ती बिचारी पाहुणी? गावातल्या बायका विणतात ते कापड बालीतली एक कंपनी घ्यायची. त्या कंपनीला आता कापडावर नैसर्गिक रंगाचा शिक्का हवा होता, आणि शिक्का हवा तर तपासणीला आलेल्या माणसाने रांजणातली नीळ डोळ्यांनी बघायला हवी. बस्स, एवढंच. पाल्याची नीळ आणि शिंपल्यांचा चुना, त्यात लपवायचं काय?

पण आत्याचं सोवळं आडवं आलं. आत्या म्हणजे रांबू कोंगा, यूब्लिनाच्या बापाची बहीण आणि तिची सासूही. अख्ख्या गावाचं सूत निळीत बुडवायची ती एकटीच. निळीच्या खोपटात पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हे सुंबा बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कंपनीला ठाऊक नव्हतं, तिने आधी एक मिशीवाला बाप्या पाठवला. यूब्लिनाने हातापाया पडून बाई पाठवायला लावली, आणि ही डियान आली. तर आत्या म्हणाली, गरोदर बाई चालत नाही. डियान गरोदर नव्हती. मग म्हणे, समुद्र ओलांडून आलेल्या बाईने आधी एक रात्र गावात झोपायला हवं. झोपली बिचारी, खांबांवरच्या घरात, खाली डुकरं गुरगुरत असताना. आणि आज सकाळी आत्याने निरोप धाडला होता की पाहुणीच्या केसांना शांपूचा वास येतो, नीळ रुसेल.

यूब्लिनाला स्वतःलाही आत जायची बंदी होती. मनात भांडण असलेल्या बाईने रांजणाजवळ यायचं नाही, असा आत्याचा नियम. तो खास आपल्यासाठीच केलाय अशी यूब्लिनाची खात्री होती, कारण मनात भांडण नाही असा तिचा दिवस उजाडतच नसे. आता तर नियम करणारीशीच भांडायचं होतं.

"आत्या, कसला शांपू?" ती दाराच्या झापाबाहेरून म्हणाली. "मी स्वतः तिचे केस नारळाच्या दुधाने धुतलेत. वास येतो तो नारळाचा."

यूब्लिनाने मोठा श्वास घेतला, पुढचं सुनावण्यासाठी. आणि तशीच थांबली. लहानपणी या खोपटाच्या वाटेने जाताना पोरं नाक दाबून पळायची, एवढी आंबलेल्या निळीची घाण सुटलेली असे. आज ती दाराला नाक लावून उभी होती आणि चुलीच्या धुराखेरीज कसलाच वास नव्हता.

तिने झाप ढकललं. रांजणात निळं पाणी होतं, निवांत, वर आंबलेल्या निळीला येतो त्या फेसाचा पत्ता नाही. कोपऱ्यात वाइंगापूच्या बाजारातल्या रंगाच्या पुडीची रिकामी पाकिटं पडली होती. आत्या पाटावर बसून होती, निळे हात मांडीवर टाकून.

"गेल्या साली मोठा ताप आला ना, त्यात माझं नाक मेलं," आत्या म्हणाली. "रांजण जिवंत आहे की गेला, ते वासावरच कळतं. मला कळेना. लोकांचं सूत नासलं, ते मी पुरून टाकलं."

"मग सांगायचं नाही?"

"नाक मेलेली रंगारीण कुणाला हवी गं?"

यूब्लिना भडकली. सगळ्या बायकांचं वर्षभराचं विणकाम या रांजणातून गेलं होतं. याच सोवळ्यासाठी ती कंपनीशी भांडली, गावातल्या टवाळांशी भांडली, वर त्या मिशीवाल्याला अक्कलही शिकवली. हे सगळं तिने आत्याला तोंडावर ऐकवलं, एक शब्द शिल्लक ठेवला नाही. आत्या मान खाली घालून ऐकत राहिली, आणि तेच यूब्लिनाला बघवेना. ही बाई आयुष्यात कुणाचं ऐकून घेणारी नव्हती.

यूब्लिना बाहेर आली. डियान वाटेवरच उभी होती, तोंडात पान धरून, ते थुंकायचं कुठे या विवंचनेत.

"शिक्का नको," यूब्लिना म्हणाली. "या वर्षीचा रंग दुकानातला आहे. बायकांना मी सांगते, शिव्याही मीच खाते. नवा पाला आला की पुन्हा या."

"तेव्हा नीळ कोण लावणार?"

"आत्या लावेल. वास मी घेईन."

डियान चाचरली. "पण ताई, कालच तुम्ही म्हणालात, मनात भांडण असलेल्या बाईला आत..."

"येऊ दे तिला," खोपटातून आत्याचा आवाज आला. "तिचं भांडण संपायची वाट बघत बसले तर मी मरून जाईन. येऊ दे, आहे तशीच."