धनेशच्या ओळी

धनेश गेल्यावर श्रीवर्धनच्या मच्छीमार सोसायटीतला सर्व्हर त्याच्या बायकोकडे, मृणालीकडे आला. समुद्रातल्या होड्या कुठे आहेत ते तो पडद्यावर दाखवायचा. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टम मोफत आणि खुली होती. तिचा सोर्स कोड उतरवून धनेश ती मशीनवरच बिल्ड करायचा, म्हणजे त्या कोडपासून चालणारी सिस्टम तयार करायचा. होड्यांचे सिग्नल पकडणारं सोसायटीचं जुनं रेडिओ कार्ड चालावं म्हणून त्याने त्या कोडमध्ये स्वतःच्या ओळी घातल्या होत्या. मृणालीला हे सगळं त्यानेच शिकवलं होतं. मग काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपत आली तशी तिने सिस्टम अपग्रेड करायला घेतली. नेहमीची कमांड दिली, तर एरर. सिस्टम बनवणाऱ्यांनी सगळा कोड एसव्हीएन या जुन्या साठवणीतून गिट या नव्या साठवणीत नेला होता, त्यांचा जुना सर्व्हर बंद केला होता. आता जुनं फोल्डर बाजूला सारून कोड नव्याने उतरवायचा होता.

तिने धनेशचे बदल वेगळे काढून नव्या कोडला लावले. बसेनात. त्या कार्डाचा ड्रायव्हरच, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅमच, दुसऱ्या कुणी मुळापासून नव्याने लिहिला होता. तरी ती एकेक ओळ बसवत राहिली.

धाकटा दीर दिपेश होडीवर जायचा. तो म्हणाला, "वहिनी, नवीन तसंच चालवून बघ ना."

"धनेशने केलेलं काम आहे ते, दिपेश."

"ठाव हाय. पन होड्या सुटायच्या हायत."

शेवटी तिने धनेशच्या ओळींशिवाय बिल्ड लावलं. ते संपेपर्यंत ती मशीनसमोरून उठली नाही. हे चालू नये असं तिला मनातून वाटत होतं.

चाललं. कार्ड लगेच ओळखलं गेलं. धक्क्याला बांधलेली दिपेशची होडी पडद्यावर दिसली. पूर्वी तिचा ठिपका मधूनमधून नाहीसा व्हायचा, आता हललाही नाही.

सासरे, दिनानाथ, चष्मा पुसत आत आले. "झालं काय गो? आपल्या धनेशचं किती हाय यात?"

खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं.

"काहीच नाही, बाबा. लागलंच नाही."

ते शेजारच्या खुर्चीवर बसले. पडद्यावरच्या ठिपक्याला त्यांनी बोट लावलं.

"बरं चालतंय," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं.

मृणालीने त्यांचा हात धरला. मग तिलाही रडू आवरेना.