गाठोडं बांधणाऱ्याची कैफियत

मी बंडलर बोलतोय, संगणकातला एक प्रोग्राम. नाव ऐकलं नसेल तर तुमची चूक नाही. इमारत उभी राहिली की परांची कोण लक्षात ठेवतं? डोळ्यांच्या एका दवाखान्याची वेबसाइट आहे, तिच्यावर रुग्ण तपासणीची वेळ घेतात. त्या साइटचा कोड शेकडो छोट्या फाइलींत विखुरलेला. त्या गोळा करायच्या, नको ते गाळायचं आणि एकच सुटसुटीत गाठोडं बांधून तुमच्या फोनकडे धाडायचं, हे माझं काम. आठ वर्षं केलं, एका दिवसाची रजा न घेता.

माझ्याआधी सगळं हातानं चालायचं. कोणती फाइल आधी, कोणती नंतर, याची यादी ताई सांभाळायची. ताई म्हणजे ती साइट सांभाळणाऱ्यांतली सर्वांत जुनी प्रोग्रामर. वयानं मोठे असलेलेही तिला ताईच म्हणत. यादीतल्या दोन ओळी वरखाली झाल्या की साइट आडवी व्हायची. मग फाइली नुसत्या एकापुढे एक चिकटवणारं एक टूल आलं, पण कुणाचं कुणावाचून अडतं हे त्याला समजत नसे. त्यानंतर मी आलो. माझं पहिलं गाठोडं बिनचूक निघालं तेव्हा ताई खुर्चीतून उठून म्हणाली, "सुटले बाई एकदाची!" मला तर आभाळ ठेंगणं झालं.

माझ्या सेटिंगची फाइल वाढत वाढत तीनशे ओळींची झाली. मधेमधे ताईची टिपणं: 'हे का चालतं माहीत नाही, पण काढू नका.' एक ओळ मात्र का आहे ते तिला पक्कं माहीत होतं. तिचे बाबा काचबिंदूसाठी त्याच दवाखान्यात जायचे, आणि त्यांचा फोन जुना. नव्या वळणाचा कोड त्या फोनला कळत नसे. म्हणून तिनं मला बजावलं, की जुन्या फोनांसाठी सोप्या कोडचं वेगळं गाठोडं बांधत जा. मी इमानेइतबारे दोन-दोन गाठोडी बांधू लागलो. त्यातच माझा वेग गेला.

वेग गेला म्हणजे किती, तर दोन मिनिटं लागायची. पण मग सुसाट आला. नाव वेगळं होतं, पण हा प्रोग्रामर बोलायचा सुसाट, जिने उतरायचा सुसाट, म्हणून तेच चिकटलं.

"ताई, याचं होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो," तो म्हणाला. "नवं टूल बघा, दोन सेकंदांत मोकळं!"

"लाव बाबा," ताई हसत म्हणाली. "हा म्हातारा आता मलाही झेपत नाही."

म्हातारा! दुसरं गाठोडं माझ्या पाठीवर कुणी चढवलं होतं, हे ती सोयीस्कर विसरली.

नव्या टूलनं एकच गाठोडं बांधलं, नव्या फोनांपुरतं. सगळ्यांनी आपापले नवेकोरे फोन काढून साइट तपासली आणि खूश झाले. आठवड्यानं मला पुसायची वेळ आली, तेव्हा ताईचा हात क्षणभर थांबला.

"जुन्या फोनांचं काय रे?"

सुसाटनं साइटवर येणाऱ्यांच्या मोजणीचा तक्ता उघडला. "जुना फोन वापरणारे शून्य! कोणी उरलंच नाही, ताई."

अहो, शून्य येणार नाही तर काय! मोजणारा कोडही त्याच गाठोड्यात. गाठोडंच उघडत नाही तिथं मोजणार कोण? दार लावून घेतलं आणि म्हणे पाहुणे येत नाहीत. सुसाटला नसेल कळलं, पण ताईला कळायला हवं होतं. एकदा बाबांचा फोन उघडून बघायचा होता. तिनं मला पुसलं.

पुसलेली फाइल आमच्यात मरत नाही, जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात पडून राहते. तिथूनच मी पुढचं ऐकलं. तीन आठवड्यांनी दुपारी बाबांचा फोन आला. ताईचे हात कामात होते, तिनं स्पीकर लावला.

"अगं, तपासणीची वेळ घेता येत नाहीये. पान सगळं पांढरंच दिसतंय. मला वाटलं, डोळेच गेले माझे. पंधरा दिवस कुणाला बोललो नाही बघ."

ताईचा चेहरा पडला. समोरून सुसाटनं विचारलं, "काय झालं हो?"

मी कान टवकारले. आता तरी ती खरं बोलेल, असं मला वाटलं.

"काही नाही," ती म्हणाली. "जुन्या बंडलरचा घोळ राहिलाय. निस्तरते मी."

मग ती संग्रहात आली. माझी फाइल उघडली, नेमकी ती ओळ वाचली, नव्या टूलला समजेल अशी लिहून घेतली आणि खाली नोंद केली: 'जुन्या बंडलरची चूक दुरुस्त केली.' संध्याकाळी बाबांचं पान उघडलं. "दिसतंय गं, सगळं दिसतंय!" ते म्हणाले, आणि ताई रडली. बाबांना वेळ मिळाली याचा मला आनंदच आहे. माझं वैर त्यांच्याशी नाही.

म्हातारपणी कामावरून काढलं, याचंही दुःख नाही. जग पुढे जातं, उद्या त्या नव्यालाही कुणी पुसेल. पण ताई, तुझ्या बाबांचा भार तू विश्वासानं माझ्यावर टाकला होतास. मी तो शेवटच्या दिवसापर्यंत उचलला. खाली ठेवला तो तू.