ओविडच्या खिळ्याची खूण

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे आणि सध्या फार वैतागलेला आहे. टोपाला कसला आलाय वैताग, असं म्हणाल. पण माझं तोंड हातभर रुंद असून त्यात जीभ नाही. समोर चूक घडताना दिसते आणि मला नुसतं चटके सोसत उभं राहावं लागतं. मग वैतागू नको तर काय करू?

मी जाड अ‍ॅल्युमिनियमचा, उंच, दोन कानांचा. अमेरिकेतल्या लुइझियानात दलदलीकाठी राहणाऱ्या ओविड आर्सेनोने मला लग्नाच्या वर्षी विकत आणलं. वसंतात माझ्यात तिखटजाळ पाण्यात लहान शेवंडी उकळायची आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला शेंगदाण्याच्या तेलात कोंबडीहून कितीतरी मोठी अख्खी टर्की तळायची, एवढंच माझं काम. उरलेलं वर्षभर मी गोदामात, पोटात कोळ्यांचा संसार घेऊन पडून असे.

ओविड तळायला बसला की घाई नावाची गोष्ट नसे. पक्ष्यातला बर्फ पुरता उतरला ना, हे तो पोटात हात घालून बघे. मग कोरड्या टर्कीला माझ्यात ठेवून ती बुडेपर्यंत पाणी ओते. टर्की बाहेर काढली की पाणी जिथे उतरे, तिथवरच तेल. "आधी पाण्यात, मग तेलात," असं तो पुटपुटे. पाणी फेकून मला आणि टर्कीला खडखडीत कोरडं पुसे, कारण गरम तेलात पाण्याचा थेंब म्हणजे अंगावर उडालेला निखारा. शेगडी घरापासून लांब, उघड्यावर. टर्की सोडण्याआधी गॅस बंद. आणि बायकोची, व्हर्लीची खुर्ची थेट पेकनच्या झाडाखाली. ती दरवर्षी कुरकुरे आणि तो दरवर्षी हसून खुर्ची उचले.

पहिल्या वर्षी त्याने पाण्याच्या रेषेवर खिळ्याने एक ओरखडा काढला होता. ती खूण त्या एका लहानशा पक्ष्यापुरती. नंतर त्याने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मुलांनी मात्र नेमकी तीच लक्षात ठेवली!

ओविड गेल्यानंतर दोन थँक्सगिव्हिंग मी गोदामातच होतो. यंदा थोरल्या मुलाने, एल्डनने मला बाहेर काढलं. "पप्पांचा टोप!" म्हणून कौतुक झालं, फोटो निघाले. टर्की आणली होती ती केवढी, तर वासराएवढी. आणि धाकटी बहीण क्लेली घरात होती तेवढ्यात या शहाण्याने माझ्यात खुणेपर्यंत तेल ओतून शेगडी पेटवलीसुद्धा.

क्लेली धावत आली. "पाण्यात मापलीस का?"

"कशाला? पप्पांची खूण आहे ना."

"पप्पा दरवर्षी पाण्यात घालायचे, एल्डन."

"हो, तिला आंघोळ घालून पावडरही लावतो. जा, भात बघ तू!"

क्लेली, सोडू नकोस, असं मी जीव तोडून म्हणत होतो. बाहेर आला तो नुसता धूर. व्हर्ली तर खुर्ची घेऊन माझ्या अगदी शेजारी बसली होती. तिचे गुडघे धरलेले, पटकन उठणं शक्य नाही. "ओविडचा टोप आहे. मी इथून हलणार नाही," म्हणाली.

क्लेली खुर्चीमागे गेली. तिने आईला बसल्या जागी खुर्चीसकट मागे ओढायला सुरुवात केली.

"अगं ए, बापाचीच लेक! सोड मला!"

"झाडाखाली गेल्यावर हवी तेवढी ओरड, ममा."

परत येऊन तिने गॅसची टाकी बंद केली. एल्डन भडकला. "तेल निवेल ना!"

"टर्की आत गेली की परत पेटव. आधी नाही."

तो धुसफुसत आकड्याला लटकवलेली टर्की खाली सोडू लागला. ती अर्धी बुडली आणि तेल माझ्या गळ्याशी आलं. पुढच्याच क्षणी काठावरून सांडलं, चारी बाजूंनी.

"वर घे! वर घे!"

एल्डनने टर्की वर ओढली आणि उडी मारून मागे सरला. तेल शेगडीवरून गवतात पसरलं, मघाशी खुर्ची होती तिथवर. गवत चरचरत काळं पडलं. शेगडीत ज्योत नव्हती म्हणून निभावलं, मित्रांनो. नाहीतर ही गोष्ट सांगायला मी नसतो, आणि ऐकवायची कुणाला?

व्हर्ली झाडाखालून त्या काळ्या गवताकडे बघत राहिली. एल्डन मात्र बुटाकडे बघत म्हणाला, "टोपच लहान आहे."

घ्या! इतकी वर्षं पुरलो, आज लहान झालो. दुसऱ्या दिवशी त्याने मला कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं.

क्लेलीने मला परत आणलं, घासलं आणि खूण खरवडायला सँडपेपर घेऊन तिच्यापाशी थांबली. तिचा हात चालेना. व्हर्ली लंगडत आली. तिने ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"तो कधीच बघत नव्हता गं हिच्याकडे. पाणी ओतत बसायचा आणि मी हसायचे." मग तिने लेकीच्या हातातला सँडपेपर घेतला. "आण इकडे. मीच पुसते."

तर मित्रांनो, आता माझ्या पोटात एकही खूण नाही. घरातल्या मोठ्यांनी मागे ठेवलेली वस्तू जरूर जपा, पण ते ती कशी वापरत होते, ते आधी जपा. पक्षी नवा, तर माप नवं. आणि शेगडी पेटवण्याआधी आईची खुर्ची लांब न्या. ती कितीही चिडली तरी.