पान कोणी उचलायचं

रविकिरणच्या पानावर अनुसूयेने इतरांसारखंच तूप वाढलं, आणि याचाच तिला राग आला.

शुक्रवारी ऑफिसात याच माणसाने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मशीन गोठतंय ते अनुसूयाच्या रूटीनमुळे. माझा कोड क्लीन आहे." साहेबांनी, म्हणजे बिंदुमाधवांनी, मान हलवली आणि ठरलं: सोमवारपासून अनुसूयेने प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, सोडायचा, मॅन्युअल लिहायचं. तान्ह्या लेकराला न्हाऊमाखू घालावं तसं तिने ते काम वाढवलं होतं. आता दुसऱ्याच्या कडेवर.

आणि आज, रविवारी, गौरीचं जेवण. पुण्याचा एकटा पोरगा, इथे बेंगळुरात मेसचं खातो, म्हणून सासूबाईंनी त्याला कधीचंच बोलावून ठेवलेलं. आला की तोही, जयनगरच्या दुकानातली मिठाई घेऊन, हसत.

"अगं, मनावर नको घेऊस," तो हळूच म्हणाला. "ऑफिसचं ऑफिसात."

"भात घे," ती म्हणाली.

पंगतीत तो शेवटी बसला होता, पाहुण्याच्या जागी. त्याच्या शेजारी अण्णा, तिचे सासरे. जेवण होताच रविकिरणने आपलं केळीचं पान दुमडलं आणि स्वतःच उचलून मागच्या दारी गेला. अण्णा तेवढ्यात मागे वळून तांब्या घेत होते. सासूबाई, सुनंदाबाई, आतून आल्या, वाकल्या, आणि सवयीने शेवटचं पान दुमडून घेऊन गेल्या.

अण्णा वळले. समोर नुसती ओली फरशी.

"माझं पायस राहिलं होतं की गं."

"अय्यो, शेवटचं पान म्हणून उचललं की मी," सुनंदाबाई आतून म्हणाल्या. "पाहुण्याचं पान आपणच उचलायचं ना. त्याने का उचललं?"

सगळे हसले. अनुसूया हसली नाही. तुपाची वाटी तशीच हातात धरून ती त्या ओल्या फरशीकडे बघत राहिली.

प्रोग्रॅममध्येही असंच: एका फंक्शनने दुसऱ्याला बोलवायचं, तर लागेल ते स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या पंगतीत, मांडून ठेवायचं. काम झाल्यावर ते कोणी उचलायचं, हे आधी ठरलेलं असतं. तिचं रूटीन, तिने लिहिलेला प्रोग्रॅमचा तुकडा, परतताना स्वतः उचलायचं. फाइलच्या माथ्यावरच तिने तसं लिहिलं होतं. रविकिरणने असेंब्ली भाषेत हाताने लिहिलेल्या लूपमध्ये, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडमध्ये, त्या रूटीनला बोलावलं, आणि ते परतल्यावर त्यानेही पुन्हा उचललं. दोघांनी. प्रत्येक फेरीत शेजारचं एकेक पान गेलं. छोट्या टेस्टमध्ये कळलं नाही. कागदाचा गठ्ठा लांबला की मशीन उपाशी राहून गोठलं.

रविकिरण हात पुसत आला. "सॉरी हं अण्णा. आमच्याकडे आपलं आपण उचलतात."

"माझ्या रूटीनला बोलावल्यावर तू काय उचलतोस?" अनुसूयेने विचारलं.

तो थांबला. बोटं हवेत हलली, जणू कीबोर्डवर. मग कान लाल झाले.

"शिट. पण सोपं आहे, तू तुझ्या बाजूचं उचलणं काढून टाक ना. स्वल्प अ‍ॅडजस्ट."

हा इथला कानडी वाक्प्रचार, म्हणजे 'जरा सांभाळून घे', त्याने बेंगळुरात आल्या आल्या शिकून घेतला होता, आणि तो फक्त तिच्यापाशीच वापरायचा.

"माझ्या रूटीनला बोलावणारे बाकीचे सगळे माझ्यावर विसंबून उचलत नाहीत. मी सोडलं तर त्यांच्या घरी उष्ट्याचा ढीग लागेल. ते वर लिहिलंय. तू वाचलं नाहीस. वाचलं नाहीस आणि माझं नाव घेतलंस."

"उद्या सांगतो सरांना."

"उद्या मी मॅन्युअलला बसणार आहे."

हॉलमधल्या फोनवरचं विणलेलं झाकण तिने काढलं आणि साहेबांच्या घरचा नंबर फिरवला. तबकडी सावकाश माघारी येत होती. तिचा राग मात्र माघारी येत नव्हता, आणि तिला तो यायला नकोच होता.

"सर, रविकिरणला बोलायचंय," म्हणून तिने रिसीव्हर त्याच्यापुढे धरला.

"अगं, निदान जेवणानंतर…"

"तुझं झालंय. पान उचललंस की."

त्याने रिसीव्हर घेतला. "सर… ते मशीनचं… चूक माझ्याकडची होती," हे शब्द कानावर पडेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग आत गेली, नवं पान पुसून अण्णांपुढे मांडलं आणि पायस वाढलं.

"रागावलीस होय?" अण्णांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "जेवा तुम्ही."